हार्बरवरच्या डब्यातली तेवीस नाणी

यादीत एक ओळ होती: 'जुनी परदेशी चांदीची नाणी, नग २३, वजन ४६० ग्रॅम.' तिच्यापुढे सराफाने सांगितलेली रक्कम. त्या यादीवर साक्षीदार म्हणून सही करायला मला म्हार्दोळला बोलावले होते. बाकी सगळे वाचून झाले आणि या ओळीपाशी माझा हात थांबला. ती ओळ दुरुस्त करण्यात पुढचे सहा आठवडे गेले. गोव्यातल्या पुष्कळ घरांत असा एखादा डबा असतो. बोटीवरून, आखातातून, लिस्बनहून, टोरांटोहून आलेली नाणी त्यात पडलेली असतात आणि बहुतेक डबे शेवटी वजनावर मोडीत जातात. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतो आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नावे मुद्दाम टाळली आहेत.

डबा काकांचा. मुरगाव बंदरात, ज्याला आम्ही सगळे नुसते हार्बर म्हणतो, तिथे एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत ते कारकून होते. गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तेव्हा गोव्याचे खनिज लोखंड मुख्यतः जपानला जाई. मांडवी-झुआरीतून बार्जी भरून यायच्या आणि मोठ्या बोटी बंदरात किंवा बाहेर नांगर टाकून उभ्या असायच्या. कागदपत्रे घेऊन बोटीवर चढणारा माणूस म्हणजे काका. जपानी, जर्मन, ग्रीक, रशियन अधिकाऱ्यांशी त्यांची ओळख अशी झाली. काकांनी काजूची पिशवी न्यावी, समोरच्याने खिशातले नाणे काढून द्यावे. मी वास्कोला बँकेत रोखपाल होतो. नवीन नाणे आले की काका दुपारच्या सुट्टीत काउंटरवर येऊन आधी मला दाखवायचे. त्यामुळे डब्यात काय आहे याची मला साधारण कल्पना होती. नेमकी मात्र नव्हती.

काका गेल्यावर वाटणीचा प्रश्न आला. इथला कुटुंबकायदा पोर्तुगीज काळापासून चालत आला आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. एक गेला की अर्धा भाग मागे राहिलेल्याचा स्वतःचाच असतो आणि उरलेला अर्धा मुलांत सारखा वाटला जातो. मुलगा-मुलगी हा भेद नाही. वारसा आणि इन्व्हेंटरीसंबंधीचा गोव्याचा २०१२ चा कायदाही याच चौकटीत बसतो. या घरात काकू, दोन मुलगे आणि एक मुलगी. घर, कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ठेवी, सोने यांची यादी वकिलांनी नीट केली होती. नाण्यांचा डबा तेवढा थोरल्याने फोंड्याला एका शेटकडे नेला होता.

शेट अनुभवी माणूस. पोर्तुगीज काळातली चांदीची रुपी समोर ठेवली तर चष्मा न लावता ओळखतील. परदेशी नाणी मात्र त्यांच्यासमोर कधीतरी वर्षाकाठी येतात. त्यांनी सगळी एकदम काट्यावर ठेवली, दोन-तीन बोटांनी चाळली आणि म्हणाले, "टंच एकेकाचा वेगळा असणार. सरसकट साठ धरतो." साठ टंच म्हणजे शंभर भागांत साठ भाग शुद्ध चांदी. ४६० ग्रॅमांचे साठ टक्के म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमांच्या आसपास. त्याला मोडीचा भाव लावून रक्कम निघाली आणि यादीत चढली.

थोरला मला म्हणाला, "दादा, चांदी ती चांदी. त्यात एवढे काय पाहायचे?"

त्याचे चुकत नव्हते. घरात कोणीच त्याला कधी दुसरे काही सांगितले नव्हते. मी म्हटले, मला दोन रविवार द्या.

नाणी उलगडली

पहिल्या रविवारी काकूंच्या ओसरीवर पांढरे धोतर अंथरून नाणी देशवार मांडली. तोक्यो १९६४ ची पाच: हजार येनची दोन, शंभर येनची तीन. मेक्सिको १९६८ ची २५ पेसोची दोन. म्युनिक १९७२ ची दहा मार्कांची सहा, सहाही वेगवेगळी. माँट्रियल १९७६ ची चार, आपल्या मूळ डबीत: दहा डॉलरची दोन, पाच डॉलरची दोन. मॉस्को १९८० ची चार: दहा रुबल, पाच रुबल आणि एक रुबलची दोन. हेलसिंकीचे १९५२ चे ५०० मार्कांचे एक. आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचे शंभर रुपयांचे एक. हे शेवटचे काकांनी मुंबईच्या टांकसाळीत पैसे भरून मागवले होते.

क्रीडास्पर्धांच्या नाण्यांचा सगळा इतिहासच जवळपास या धोतरावर होता. आधुनिक ऑलिंपिकसाठी नाणे काढण्याची सुरुवात फिनलंडने केली, हेलसिंकीच्या त्याच ५०० मार्कांनी. जपानने आयुष्यातली पहिली स्मारक नाणी काढली ती तोक्यो ऑलिंपिकची. हजार येनवर फुजी पर्वत आणि चेरीची फुले आहेत. मेक्सिकोने पाच कड्यांच्या जोडीला आपल्या प्राचीन चेंडूच्या खेळातला खेळाडू घातला. मग म्युनिकच्या वेळी जर्मनांनी नाणे हेच खर्च भागवण्याचे साधन केले.

हा हिशेब मी थोरल्याला कागदावर करून दाखवला, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. दहा मार्कांच्या नाण्याचे वजन साडेपंधरा ग्रॅम आणि चांदी ६२५ टंच, म्हणजे हजार भागांत ६२५. शुद्ध चांदी भरते ९.६९ ग्रॅम. त्या वेळच्या भावाने ती सुमारे दोन मार्कांची झाली. लोकांनी मात्र बँकेत पूर्ण दहा मार्क मोजले आणि नाणे घरात जपून ठेवले. जे नाणे परत येत नाही त्यातला फरक सरकारच्या हातात राहतो, आणि तो म्युनिकच्या खेळांकडे वळवला गेला. अशी सुमारे १० कोटी नाणी पाडली. माँट्रियलने तोच मार्ग चार पावले पुढे नेला: १९७३ ते १९७६ या काळात सात मालिका, प्रत्येकीत चार, एकूण २८ चांदीची नाणी. तरीही माँट्रियलच्या स्टेडियमचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. मॉस्कोनेही २८ च चांदीची नाणी काढली.

कोटींनी पाडलेले नाणे जुने झाले म्हणून दुर्मीळ होत नाही. धाकट्याने फोनवर कोणीतरी हजार येनच्या नाण्याला मागितलेली भलीमोठी किंमत दाखवली. मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि हजार येन १ कोटी ५० लाख पाडले आहेत. शंभर येन तर ८ कोटी. मेक्सिकोचे २५ पेसो २ कोटी ७१ लाखांच्या वर. एका बाजूला मोडीच्या भावात सगळे देऊन टाकायची घाई, दुसऱ्या बाजूला प्रत्येक नाणे लाखाचे आहे ही आशा. एकाच घरात ही दोन्ही टोके एकाच दुपारी पाहिली.

टंच

आता मुख्य चूक. शेटनी सरसकट साठ धरले, पण धोतरावर पाच-सहा वेगवेगळे टंच होते. माँट्रियलची चारही ९२५. हजार येन ९२५, पण शंभर येन ६००. मेक्सिको ७२०. म्युनिक ६२५. मॉस्कोचे पाच आणि दहा रुबल ९००. हेलसिंकी ५००, आणि आपले शंभर रुपये ५००: निम्मी चांदी, बाकी तांबे, थोडे निकेल आणि जस्त.

माझ्याकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा आहे. प्रत्येक नाणे तोलले आणि छापील वजनाशी ताडले. दहा डॉलर ४८.६, पाच डॉलर २४.३, हजार येन २०, पेसो २२.५, दहा रुबल ३३.३. शंभर रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, ४४ मिलीमीटर रुंद, हातात घेतले की तळहात भरतो. सगळी वजने जुळली. मग पाण्याची परीक्षा केली. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणे दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचे. काटा जो आकडा दाखवतो तेवढ्या ग्रॅम पाण्याला नाण्याने बाजूला सारले. नाण्याचे वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. ९२५ टंचाला ती १०.३६ च्या आसपास यायला हवी. दहा डॉलरला काट्याने ४.७ दाखवले, बरोबर. पेसोला २.२५, म्हणजे १०, तेही ७२० ला साजेसे. कसोटीच्या दगडावर घासून टंच काढला असता तर नाण्यावर कायमचा ओरखडा पडला असता. पाण्याने काही बिघडत नाही, फक्त नंतर मऊ कपड्याने टिपून घ्यायचे, घासायचे नाही.

थोरल्याने लोहचुंबक आणला होता. तो या कामाला निरुपयोगी. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तांबे-निकेलचा मिश्रधातूही चिकटत नाही. नेमकी तिथेच ही यादी फसली होती. एक रुबलची ती दोन नाणी पाण्यात घातली तेव्हा घनता ९ च्याही खाली आली. त्यात चांदी मुळीच नाही. मॉस्कोने चांदीच्या नाण्यांबरोबर एक रुबलची सहा साधी नाणी काढली होती, रोजच्या चलनासाठी. काकांच्या डब्यात त्यांतली दोन. शेटच्या काट्यावर त्यांचे २५.६ ग्रॅमही चांदी म्हणून मोजले गेले होते.

सगळे मांडून बेरीज केली. एकूण वजन ४६०.८ ग्रॅम, शेटचे वजन चोख होते. शुद्ध चांदी मात्र साडेतीनशेला थोडी कमी: ३३९.५ ग्रॅम. सरसकट साठच्या हिशेबाने धरली होती २७६.५. म्हणजे बिनचांदीची दोन नाणी चांदीत मोजूनही घराचे ६३ ग्रॅम शुद्ध चांदीचे नुकसान होत होते. एकट्या माँट्रियलच्या डबीतच जवळपास १३५ ग्रॅम होते. शेटनी फसवले असे मी म्हणणार नाही. परदेशी नाण्यावर बहुधा टंच छापलेला नसतो, आणि ज्याला तो माहीत नाही तो स्वतःला सांभाळून खालचा आकडा धरणारच. पण घरच्यांनी तो आकडा तपासल्याशिवाय कागदावर घेतला, ही चूक घराची.

अजून एक गोष्ट. दिल्लीचे शंभर रुपयांचे नाणे त्या मोडीच्या ढिगात असायलाच नको होते. २०११ च्या नाणे कायद्यात स्मारक नाणेही नाणेच धरले आहे, आणि भारतीय नाणे वितळवणे हा गुन्हा आहे. शेटना हे सांगितले तेव्हा त्यांनी कान पकडले आणि ते नाणे बाजूला काढून दिले. शिवाय टांकसाळीने ही नाणी संग्राहकांसाठीच पाडली होती, बाजारात फिरण्यासाठी नव्हे. त्यामुळे त्यांना चांदीपेक्षा वेगळा, आपल्याच देशातला गिऱ्हाईक आहे. सूर्याबरोबर जंतरमंतर काढलेले ते बोधचिन्ह पाहून काकूंना लगेच रंगीत टीव्ही आठवला. त्या वर्षी शेजारच्या घरात तो आला होता.

घासलेली, चिकटलेली, वाचलेली

तोक्योची पाच नाणी आणि एक पेसो पाहून मला खरे दुःख झाले. ती आरशासारखी लखलखत होती. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधी काकू ती डब्यातून काढून द्यायच्या आणि समया, ताम्हण, तबक यांच्याबरोबर चिंच लावून घासली जायची. पूजेत चांदी स्वच्छ हवी ही घराची रीत. त्यात कोणाचा दोष काढायचा? पण नाण्यावर वर्षांनी चढणारी काळपट, निळसर छटा ही संग्राहकाच्या लेखी नाण्याची त्वचा असते. घासले की ती जाते आणि तिच्याबरोबर धातूचा पातळ थरही. फुजीच्या उतारावरच्या बारीक रेषा पुसट झाल्या होत्या. एकदा असे झाले की नाणे जवळपास चांदीच्या किमतीवर येते. ही नाणी मुळात विपुल म्हणून तोटा थोडा. तेच दुर्मीळ नाणे असते तर? काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "यंदापासून रुपयाचे नाणे ठेवू पूजेत." एवढ्यावर तो विषय संपला.

म्युनिकची सहा वेगळ्याच संकटात होती. काकांनी ती प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये ठेवली होती. त्या मऊ प्लास्टिकमधून वर्षानुवर्षे एक चिकट हिरवट द्रव सुटतो. त्यात वास्कोची खारी हवा आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा. नाणी बोटांना चिकटत होती. ती अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न घासता, वाळवली. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही, चिकटपणा मात्र सुटतो. दोन नाण्यांवर डाग खोल गेले होते, ते राहिले. आता ती कडक कॅप्सूलमध्ये आहेत, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. वर्तमानपत्र आणि रबरबँड या दोन गोष्टी मी त्या डब्यातून हद्दपार केल्या. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

माँट्रियलची डबी कोणी उघडलीच नव्हती, म्हणून ती जशीच्या तशी वाचली.

दोन नाण्यांची गोष्ट

या सगळ्यात माझा जीव अडकला तो दोन नाण्यांत.

पहिले हेलसिंकीचे. धाकट्याने कुठेतरी वाचले होते की फिनलंडचे हे नाणे फार मोलाचे. अर्धे खरे. १९५१ साल घातलेली नाणी सुमारे साडेअठरा हजारच पाडली, त्यांना खरोखर मागणी आहे. १९५२ ची मात्र पावणेसहा लाखांच्या वर. मी भिंगातून साल पाहिले. १९५२. धाकट्याचा चेहरा उतरला. तो शाळेत खेळाचा शिक्षक आहे. मी त्याला म्हटले, अरे, हे साल आपल्याला केवढे मोठे आहे! याच हेलसिंकीत, याच १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. इथल्या बाजारात रुपी चालायची, आणि फिनलंडमधल्या लोकांच्या खिशात हे नाणे होते. १९५१ च्या नाण्यात हे काही नसते. त्याने ते नाणे पुन्हा हातात घेतले आणि बराच वेळ ठेवले नाही.

दुसरे नाणे कोणी पाहतच नव्हते. बिनचांदीच्या दोन रुबलांपैकी एक १९७८ चे, त्यावर क्रेमलिनचा घड्याळाचा मनोरा. घड्याळावर रोमन आकडे आहेत, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत. या नाण्याच्या काही ठशांत चाराच्या जागी सहाचा आकडा कोरला गेला: एकाच घड्याळात दोन सहा. जाणकार संग्राहक ही चूक असलेले नाणे शोधत असतात आणि साध्या नाण्यापेक्षा त्याला जास्त मोजतात. मी भिंग लावले, थोरल्याला दाखवले, मुलीला दाखवले. चाराच्या जागी सहाच होता. सगळ्यात हलक्या धातूच्या नाण्याला चांदीच्या कित्येक नाण्यांपेक्षा जास्त चौकशी होणार, हे ऐकून थोरला हसला आणि मग गंभीर झाला. मोडीत गेले असते तर शेटने ते नाणे वितळताना निकेल म्हणून फेकले असते.

जर्मन नाण्यांत एक बारकावा होता, तोही सांगतो. पहिल्या नाण्यावर 'जर्मनीतले खेळ' अशा अर्थाचा मजकूर होता. त्यावर पूर्व जर्मनीने हरकत घेतली. एकट्या पश्चिमेने सगळ्या जर्मनीचे नाव का घ्यावे? मग पुढच्या नाण्यांवर 'म्युनिकमध्ये' असे आले. काकांकडे दोन्ही आहेत. पहिल्या मजकुराची १ कोटी नाणी असल्याने किंमत फारशी वाढत नाही, पण दोन देशांचे भांडण साडेपंधरा ग्रॅमवर कोरलेले इतके स्पष्ट क्वचितच पाहायला मिळते. मार्काला आणखी एक आधार आहे. जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही मार्काची नाणी मुदतीशिवाय युरोत बदलून देते. दहा मार्कांचे पाच युरो अकरा सेंट. चांदी पडली तरी हे नाणे त्याखाली जात नाही. हजार येनही जपानमध्ये आजही चलनी आहे. मेक्सिकोच्या पेसोची मात्र १९९३ मध्ये तीन शून्ये उडाली, तेव्हा २५ जुन्या पेसोंना दर्शनी मोल उरलेच नाही. तिथे फक्त चांदी.

आणि चांदी तर वर-खाली होतच राहते. १९७६ मध्ये माँट्रियलच्या दहा डॉलरमध्ये साडेसहा डॉलरचीसुद्धा चांदी नव्हती. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला आणि तेच नाणे सत्तर डॉलरच्या धातूचे झाले. त्या काही आठवड्यांत कितीतरी नाणी मुशीत गेली. मार्चमध्ये भाव कोसळला. ५० डॉलरची ती पातळी ओलांडायला २०२५ साल यावे लागले. म्हणून मी यादीत रुपयांचा आकडा घालायच्या विरोधात होतो. शुद्ध चांदीचे ग्रॅम लिहा, भाव वाटणीच्या दिवशीचा धरा.

वाटणी

ग्रॅम हाती आल्यावर वाटणी वाटली तेवढी अवघड गेली नाही. अर्धा वाटा काकूंचा, १६९.७५ ग्रॅम. माँट्रियलची डबी त्यांच्याकडे राहायलाच हवी होती, कारण ती टोरांटोहून त्यांच्या बहिणीने पाठवलेली. १३४.९ ग्रॅम त्यातच झाले. त्यात एक हजार येन आणि एक पेसो घातला, १६९.६ झाले. जणू कोणी आधीच तोलून ठेवले होते.

उरलेले १७० तिघांत, प्रत्येकी साधारण ५६.६. मुलीने म्युनिकची सहा मागितली, ५८.१ ग्रॅम. तिला घराच्या छपराचे काम पावसाआधी काढायचे होते आणि ती नाणी विकणार हे तिने सरळ सांगितले. कोणाला वाईट वाटले नाही. पुढे ती मडगावहून पुण्याला एका नाणे प्रदर्शनात घेऊन गेली आणि चांदीपेक्षा थोडे वर मिळाले, डाग पडलेल्या दोहोंना मात्र चांदीच. धाकट्याला हेलसिंकी हवे होते, त्याबरोबर दुसरे हजार येन, दुसरा पेसो आणि दिल्लीचे शंभर रुपये, एकूण ५८.२. थोरल्याला उरले ते रशियाचे दहा आणि पाच रुबल, आणि शंभर येनची तीन: ५३.६. तीन ग्रॅम कमी. ते भरून काढायला दोन्ही बिनचांदीचे रुबल त्याच्याकडे गेले, घड्याळवाला धरून. दहा रुबलवर रस्सीखेचीचे चित्र आहे, १९८० चे. त्याच मॉस्कोत आपण हॉकीचे सुवर्ण जिंकलो होतो. थोरल्याने ते रेडिओवर ऐकले होते, तेव्हा तो शाळेत होता. ही वाटणी काट्यावर नेमकी सारखी नाही. पेसोंपैकी एकावर ऑलिंपिकच्या पाच कड्यांतली मधली कडी इतरांपेक्षा खाली घसरलेली आहे, संग्राहक तशा नाण्याला थोडे जास्त देतात, आणि ते नाणे कोणाकडे गेले याचा हिशेब आम्ही धरला नाही. घरच्यांनी तसे एकमताने ठरवले.

यादीतली ती एक ओळ आता अकरा ओळींची झाली: देश, साल, दर्शनी किंमत, वजन, टंच, शुद्ध चांदी, अवस्था. वकिलांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सगळी जोडली. मी सही केली.

एक काम राहिले होते. काकांच्या बहुतेक नाण्यांबरोबर कागदाचा एक कपटा होता, शाईने लिहिलेला: तारीख, बोटीचे नाव, कोणी दिले. घासताना-पुसताना काही कपटे हरवले. उरले होते ते चौदा. थोरल्याने ते एका वहीत उतरवून प्रत्येक नाण्याच्या कॅप्सूलखाली मूळ कपटा ठेवला. माँट्रियलच्या डबीत कपटा कधी नव्हताच, कारण ती बोटीवरून आली नव्हती. सगळे आटोपून आम्ही उठत होतो तेव्हा काकूंनी पेन मागितले. चष्मा लावून, हात थरथरत, त्यांनी लिहिले: 'बायोने टोरांटोहून पाठविली. पत्राबरोबर. १९७६.' आणि तो कागद घडी करून डबीच्या झाकणाखाली सरकवला.